हवेलीसाठी लोखंडी बंपर

पिकअपला लोखंडी बंपर बसवायचं माझ्या मनात रागाच्या भरात आलं. रागात घेतलेले माझे निर्णय सहसा टिकतात. शांत डोक्यानं आखलेले बेतच कुठंतरी विरून जातात.

चैत्राचे शेवटचे दिवस होते. दुपारी डांबरी रस्ता पाण्यासारखा हलायचा. त्या हलत्या रस्त्यावरून मी घराकडे वळायचो तेव्हा आमचा तांडा जमिनीपासून हातभर वर तरंगताना दिसायचा. टिनाची छपरं, बाभळी, देवळावरचा पांढरा झेंडा, सगळंच अधांतरी. जवळ गेलं की ते हळूच खाली उतरायचं आणि नेहमीच्या जागी बसायचं. दारव्हा तालुक्यातला हा आमचा तांडा. आम्ही गोर, म्हणजे बंजारा. आमचे पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता तांड्यातले लोक कापूस आणि सोयाबीन पेरतात. मी पेरत नाही, मी वाहतो. मिसरूड फुटायच्या आधी ट्रकवर क्लिनर म्हणून लागलो, मग ड्रायव्हर झालो, मग दुसऱ्याची गाडी चालवली आणि मग स्वतःची घेतली. कापसाच्या दिवसांत जिनिंगला कापूस, उन्हाळ्यात मंडपवाल्यांची भांडी आणि गाद्या, मधल्या काळात शेळ्या, सिमेंट, कोणाच्या लेकीचं कपाट. कोणाच्या मेहेरबानीनं काही मिळालेलं नाही, म्हणून कोणापुढं वाकायची सवयही लागली नाही.

त्या वैशाखात माझ्या मुलीचं लग्न होतं. मुलगा घाटंजीकडच्या तांड्यातला. मुलगी यवतमाळला दवाखान्यात नर्स आहे, इंजेक्शन देताना हात हलत नाही तिचा. पण लग्न ठरल्यापासून तिनं एकच हट्ट धरला होता. तिला हवेली म्हणायची होती.

आमच्यात लेक सासरी निघते तेव्हा सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते. तोंड तांड्याकडे करते, दोन्ही हात वर करते आणि गाते. बापाचं घर भरलेलं राहो, विहिरीला पाणी राहो, गाईगुरं वाढोत, असं मागत ती निरोप घेते. त्या गाण्याला हवेली म्हणतात. गाता गाता ती एकेका नात्याला हाक मारते, मामा, मावशी, काका, आणि ज्याला हाक मारली त्यानं समोर येऊन ओ द्यायची, ही आमच्या तांड्याची रीत. हल्ली नवऱ्या कारमध्ये बसतात आणि काच वर करतात. गाणं येणाऱ्या बायकाही थोड्या उरल्या. आणि असं उभं राहू देणारा बैल आमच्या तांड्यात एकाच घरी होता. माझ्या थोरल्या भावाच्या.

त्याच्या दारात मी कित्येक वर्षं पाय ठेवला नव्हता.

कारण सांगतो. वडील गेल्यावर वाटणी झाली, लिंबाखाली, पंचांसमोर. शेत अर्धं अर्धं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बैलजोडीचा विषय निघाला तेव्हा भाऊ माझ्याकडे न बघता पंचांना म्हणाला, "याले कायले बैल? याचं घर चाकावर हाय. हा तर उपरा. आज इथं, उद्या हैदराबादले." लोक हसले. बैलाच्या पाठीवर संसार लादून हिंडणाऱ्यांच्या वंशातला माणूस आपल्याच भावाला हिंडतो म्हणून उपरा म्हणतो, आणि ज्यांचे पणजे एका जागी पावसाळ्यापुरते थांबत ते पंच मान डोलावतात! जोडी फोडायची नसते हे मलाही कळतं. पण विचारायचं असतं. मी तिथून उठलो तो उठलोच. तो शब्द मात्र माझ्यासोबत उठला. रात्री लांबच्या भाड्यावर असताना, रेडिओ बंद असताना, तो कॅबिनमध्ये माझ्या शेजारी बसून असायचा.

मुलीला मात्र त्या घराची वाट मोकळी होती. हवेली सगळ्यांत चांगली येत होती ती माझ्या वहिनीला, म्हणजे त्याच भावाच्या बायकोला. सुटीवर आली की मुलगी दुपारभर तिच्याजवळ बसून गाणं शिकायची. एके दिवशी ती तिकडून आली आणि पाण्याचा गडवा तोंडाला लावण्याआधी म्हणाली, "बा, मोठे बा म्हणतात, बैल माह्या पोरीसाठीच हाय. फक्त तुह्या बापानं येऊन एक शब्द बोलावं."

मोठे बा म्हणजे माझा भाऊ.

"कोणता शब्द?"

"ये म्हणावं. भीया, लग्नाले ये. बस."

भीया म्हणजे आमच्या बोलीत भाऊ. मी म्हणालो, "पत्रिका गेली ना त्याच्या घरी?"

"पत्रिका तर किराणावाल्यालेही गेली."

"मंग किराणावाला येते म्हणते ना? काही शब्द मागून राह्यला का तो?"

ती हसली नाही. मी दाराबाहेर उभ्या असलेल्या पिकअपकडे बोट दाखवलं. "त्याचा बैल त्याच्या गोठ्यात राहू दे. तुह्या बापाजवळ बैल हाय."

"याच्यावर उभी कुठी राहू? टपावर?"

गाडीचा पुढचा बंपर हिवाळ्यातच फुटला होता. राळेगावकडून येताना तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला होता आणि प्लास्टिकचा बंपर अंड्यासारखा फुटला. तेव्हापासून मी तो तारेनं बांधून फिरत होतो. त्या तारेकडे बघत असतानाच मला सगळं चित्र दिसलं. जाड लोखंडाचा बंपर, मधोमध पायरी, मागं कमरेला टेकायला पाइपाची कमान, आणि त्यावर माझी लेक.

"समोर उभी राहशीन," मी म्हणालो. "असा बंपर लावतो की हत्ती उभा राहीन."

मुलगी गडवा खाली ठेवून म्हणाली, "मले बैल काय अन् गाडी काय, सारखंच हाय, बा. पण हवेलीत मी मोठे बाले हाक मारीन. अन् त्यायनं ओ नाही दिली, तर मी तिथंच थांबीन. पुढं नाही म्हणत. अर्धी हवेली घेऊन जाईन सासरी. मंग तू म्हण राहिलेली."

ती माझी लेक आहे. धमकी देते ती खरी असते.

बोरी अरबला रस्त्याच्या कडेला एक वेल्डर आहे. माझ्याच वयाचा, गालात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा, आणि बोलण्यात ग्राइंडरला हरवणारा. सौदा करायची माझी एक पद्धत आहे. आधी समोरच्याच्या भावाला हो म्हणायचं. तो खूष होतो, सैलावतो. मग भाव तिथंच ठेवून वस्तू वाढवत न्यायची. त्या दिवशीही भाव लगेच ठरला. त्याला संशय यायला हवा होता.

"पत्रा कोणता लावतं?" मी विचारलं.

"हा. सगळ्या पिकअपले हाच लावतो."

"हा तर पापड हाय. तो तिकडचा दाखव."

"तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हाय, भाऊ."

"मंग तोच लाव."

"त्याच भावात?"

"भाव ठरला ना आपला? ठरलेला भाव बदलवते का माणूस?"

तो रस्त्याकडे गेला, थुंकला आणि परत आला. "गाडी नाक दाबन तुमची. पाटे बसन. स्टेअरिंग फिरवता फिरवता खांदे उतरन."

"खांदे माह्ये हाय."

"खांदे तुमचे, पण नाव तर माह्यं जाईन ना! लोक म्हणन, कोण्या गाढवानं बसवला."

"सांगीन मी, बोरीचं गाढव हाय म्हणून."

तो हसला, आणि हसला म्हणजे पत्रा माझा झाला. मग मी पायरी आणि कमान सांगितली. तो म्हणाला, "गणपती बसवता का समोर?"

"पोरगी उभी राहणार हाय. हवेली म्हणायले."

त्यानं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "वजन किती हाय पोरीचं?"

"तिले विचार. मार खाशीन."

जुना बंपर काढायला सकाळ गेली. गंजलेले बोल्ट हलेनात. त्यानं तेल सोडलं, वाट पाहिली, ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा तारेसकट ते प्लास्टिक खाली पडलं, आणि गाडी पहिल्यांदा मला उघड्या तोंडाची दिसली. चेसिसची दोन टोकं पुढं आलेली, मधे रेडिएटर, त्याच्या जाळीत अडकलेली गवताची पातं, फुलपाखरांचे पंख, कापसाचे तंतू. जिथं जिथं मी हिंडलो होतो तिथली धूळ तिच्या तोंडात होती. मी बोटानं एक कापसाचा तंतू ओढून काढला. तो कुठल्या शेतातला, कुठल्या साली चिकटला, काहीच सांगता येत नव्हतं. उगाच हातात धरून उभा राहिलो.

त्यानं मापं घेतली, पत्रा कापला, वाकवला. आधी तो थेट चेसिसला वेल्ड मारायला निघाला होता. मी म्हणालो, "बोल्टावर बसव. पासिंगले काढा लागते." गाडीच्या तोंडावर असलं काही दिसलं की तपासणीवाले आधी त्यावरच बोट ठेवतात. तेही खरं, आणि बोल्टांचं लोखंडही सौद्यात आलं.

मग तो खडूनं खालच्या बाजूला दोन चौकोन आखायला लागला.

"हे काय?"

"हवा जायले. इथून कापतो."

"कापतो? चांगलं लोखंड कापून फेकतं?"

"इंजिनले हवा पाह्यजे ना, भाऊ."

"वरून जाते हवा. एक तुकडा कापशीन नको." ट्रॉलीचा पत्रा त्या भावात मिळवलेला, त्याला मी भोकं पाडू देणार होतो का! त्यानं खांदे उडवले आणि खडू पुसला.

दुपार चढली तशी वेल्डिंग सुरू झाली. मी समोरच्या लिंबाच्या सावलीत बाजेवर पडलो. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत ती निळी ठिणगी पेटायची आणि विझायची. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, पण त्यांचा आवाज हळूहळू खुरांचा झाला. झोप होती की ऊन होतं, ठाऊक नाही. माझ्या समोरून बैलांची रांग चालली होती, पाठीवर मिठाच्या गोण्या, आणि शेवटच्या बैलामागं एक माणूस, ज्याचं तोंड मला दिसेना. त्याला मी विचारलं, कुठचं गाव? तो म्हणाला, पुढचं. मी म्हणालो, पुढचं म्हणजे कोणतं? तो हसला आणि बैलांना हाकत निघून गेला. त्याच्यामागं मिठाची पांढरी रेघ सांडत गेली. मला फार बरं वाटलं. असं बरं मला जागेपणी क्वचितच वाटतं, कारण जागेपणी कोणी ना कोणी मला फसवायला बसलेला असतो.

उठलो तेव्हा सावली बाजेवरून सरकून गेली होती आणि बंपर गाडीला लागला होता. लाल प्रायमर मारलेला, अजून ओला. वेल्डर म्हणाला तसंच झालं होतं. गाडीनं नाक दाबलं होतं. मागचा भाग जरा उचललेला, पुढचा खाली, जसा बैल नदीवर पाणी प्यायला वाकतो. हेडलाइटचा उजेड आता रस्त्याऐवजी चाकापुढच्या मातीवर पडणार होता. त्यानं स्क्रू फिरवून तो वर केला. मी पायरीवर चढलो, उड्या मारल्या. लोखंड हललं नाही. मी कमानीला पाठ टेकवून उभा राहिलो आणि रस्त्याकडे पाहिलं. जाणारे येणारे बघत होते. एसटीतल्या एका म्हातारीनं तर हात जोडले, कोणाला ते तीच जाणे.

काळा रंग वाळल्यावर गाडी घेऊन निघालो. स्टेअरिंग फिरवताना खांद्यात कळ यायची, पण ते मी त्याला कधीच सांगितलं नाही. दारव्ह्याच्या वाटेवर एका चढाला तापमानाचा काटा वर सरकायला लागला. चढ संपायच्या आत लालात गेला. बॉनेटमधून वाफ निघाली. मी गाडी बाजूला घेतली आणि बांधावर बसून राहिलो. समोर पळसाची झाडं होती, फुलं संपलेली, नवी पानं आलेली. वाफ त्यांच्यावरून वर गेली आणि नाहीशी झाली. तिथं ओरडायला कोणी नव्हतं, म्हणून माझा राग बिचारा तसाच बसला माझ्याजवळ.

"बैलाचं नाक शिवलं तुम्ही," वेल्डर दुसऱ्या दिवशी म्हणाला. आनंद त्याच्या गालात मावत नव्हता. "म्हटलं होतं ना, हवा पाह्यजे?"

"कापून दे."

"आता कापणं वेगळं हाय, भाऊ. रंग गेला, वेळ गेला."

"बंपर तू बसवला, गरम तो झाला. दोष कोणाचा? बोरीभर विचारून येऊ?"

बराच वेळ घासाघीस झाली. त्यानं कापून दिलं आणि वर पुन्हा रंगही मारला. पण गॅसच्या ज्योतीखाली लोखंडाचे ते दोन चौकोन सुटून जमिनीवर पडले तेव्हा मला कसंतरी झालं. जिंकलेला सौदा डोळ्यांसमोर गळून पडत होता. तुकडे मात्र मी तिथं सोडले नाहीत. थंड झाल्यावर गाडीत टाकून घरी आणले.

हळदीच्या दिवशी मी पाण्याची कॅन घेऊन हापशीवर गेलो. घरी टँकरचं पाणी भरलेलं होतं. हापशी भावाच्या घरासमोर आहे. तो दारात बैल धूत होता. पांढरा, उंच बैल, शिंगांना नुकतं तेल लावलेलं, डोळे अर्धे मिटलेले. भावानं मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. हापशी दर दांड्याला कुरकुरत होती. तो बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिला, मी दांडा मारत राहिलो. कॅन भरून वाहायला लागली तरी मी दांडा मारत होतो. ओठावर शब्द होता, एवढुसा. पण त्या शब्दाच्या आधी लिंबाखालचा दुसरा शब्द उभा होता, आणि तो हटेना. मी कॅन उचलली आणि परत आलो.

लग्नाच्या दिवशी पहाटेच गाडी धुतली. आरशांच्या कापडानं टप झाकला, बंपरला हळद लावली, आंब्याची पानं बांधली. आमच्या गल्लीत गाडी वळत नाही, म्हणून मी ती मोठ्या दिमाखात आधीच रस्त्याकडे तोंड करून लावली. निघताना अडचण नको. माझी अक्कल!

लग्न लागलं, जेवणं झाली, ऊन कलंडलं. निरोपाची वेळ आली. मी स्टेअरिंगवर बसलो. बायकांनी मुलीला आणलं. तिनं याडीच्या, म्हणजे आईच्या, खांद्यावर हात टेकवून पायरीवर पाय ठेवला, वर चढली आणि रीतीप्रमाणे तांड्याकडे वळली.

आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिली.

बैलाच्या पाठीवरून तांडा दिसतो. माझ्या गाडीचा टप तिच्या डोक्यापेक्षा उंच होता. ती तांड्याकडे तोंड करून उभी होती आणि तिच्यासमोर होती काच, काचेमागं मी, आणि माझ्यामागं लोखंड.

"बा," ती म्हणाली, "मले फक्त तूच दिसून राह्यला."

"मंग?"

"मंग हवेली तुलेच म्हणू का? तांडा कुठी हाय?"

लोक हसले. मी खाली उतरलो. कोणी म्हणालं, टप उतरवा. कोणी म्हणालं, तोंड रस्त्याकडेच राहू द्या, आता कोण बघते? मी म्हणालो, गाडी रस्त्यावर नेऊन फिरवून आणतो, तोंड तांड्याकडे करतो. तसे एक म्हातारे पंच म्हणाले, "मंग निंगशीन कसा? गल्लीत वळत नाही. नवरीले उरफाटी काढतं का तांड्यातून?"

"बैल हाय ना तिकडं," मागून कोणीतरी म्हणालं. "सजवून उभा हाय."

सगळ्यांनी माना वळवल्या. भावाच्या दारात बैल खरंच सजवून उभा होता, झूल घातलेला, शिंगं रंगवलेली. "बैलाचं नाव काढलं कोणी?" मी ओरडलो. "समोर या! कोण हाय तो?"

कोणी समोर आलं नाही. मुलगी बंपरवर तशीच उभी होती, हात खाली, ओठ घट्ट. ती माझ्याकडे बघतच नव्हती. गर्दीत ती एकच माणूस शोधत होती.

तेव्हा भाऊ आला. बैल न घेता. धोतराचा सोगा हातात धरून गल्लीतून चालत आला आणि माझ्याशी नाही, त्या म्हाताऱ्या पंचांशी बोलला. "काका, बैल गव्हाणीवरून कसा निंगते? मागंच सरत निंगते ना? का उडून जाते? उरफाटं कायचं त्याच्यात?" मग गाडीच्या बंपरकडे बघत, अजूनही माझ्याकडे नाही, म्हणाला, "आण फिरवून. मागं मी पाह्यतो."

न बोलावता आला तो. ते मला तेव्हाही खुपलं आणि अजूनही खुपतं. मी तो शब्द बोललो नाही, तरी त्यानं यायचं ते येऊन घेतलं. असल्या माणसाशी सौदा कसा करायचा?

मी गाडी रस्त्यावर नेली, फिरवली आणि नाकासमोर तांडा घेऊन आत आणली. मुलगी पुन्हा चढली. कमानीला पाठ टेकवून, तांड्याकडे तोंड करून उभी राहिली. आता मला तिचा चेहरा दिसेना. काचेभर तिची पाठ होती आणि आरशांची ओढणी. कलंडतं ऊन त्या आरशांत शिरलं आणि कॅबिनभर उजेडाचे तुकडे हलायला लागले, माझ्या हातांवर, स्टेअरिंगवर, टपाला आतून. तिनं हात वर केले. मग गाणं सुरू झालं.

ते काय होतं ते मला सांगता येणार नाही. शब्द मी लहानपणापासून ऐकलेले. पण ती दवाखान्यात रोज मरणं बघणारी मुलगी, तिच्या गळ्यातून ते इतक्या जुन्या आवाजात निघत होते की मला वाटलं, ही माझ्या आधीची आहे, मीच नंतर जन्मलो. एकेक हाक पडत होती. मामा समोर आला, मावशी आली, रडणं आणि गाणं एकात एक मिसळत होतं. मग तिनं मोठे बाला हाक मारली.

समोर कोणी आलं नाही.

तिनं पुन्हा हाक मारली. आवाज चिरला. गर्दी इकडे तिकडे बघायला लागली. माझा हात दाराच्या कडीवर गेला. तो कुठं गेला? हेच करायचं होतं त्याला? आणि तेवढ्यात गाडीच्या मागून, फाळक्याच्या पलीकडून, त्याचा फाटका आवाज आला. "हाव बाई! इथं हाय मी! गाडीमागं! म्हण पुढं, म्हण!"

लोक रडत होते ते हसले, आणि हसता हसता पुन्हा रडले. ओ समोर येऊन द्यायची असते, तो मागं होता. पण मागं कोणीतरी उभं राहिल्याशिवाय गाडी निघणार कशी? मुलगी हसली की काय ते मला दिसलं नाही. तिचे खांदे हलले. मग तिनं पुढचा शब्द उचलला.

गाता गाता बैल हळूहळू तांड्याबाहेर न्यायचा असतो. मी रिव्हर्स टाकला. जड नाकाची गाडी हलली. आरशात भाऊ होता, फक्त तो. एक हात सोग्याला, दुसऱ्यानं मला बोलावत, उलट्या पावलांनी रस्त्याकडे सरकत. "येऊ दे. येऊ दे. डाव्या अंगाले घे... बस, बस... आता सरळ. येऊ दे." काचेसमोर मुलगी हात उंचावून उभी होती आणि तिच्यापुढून सगळा तांडा मागं मागं जात होता, लिंब, लोकं, छपरं, पांढरा झेंडा. कारमधून जाणाऱ्या नवऱ्या तांड्याला पाठ दाखवून जातात. ही एकेक घर बघत चालली होती. धूळ उठली आणि तीत ऊन भरलं. गाडी चालते आहे असं वाटतच नव्हतं. आम्ही तिघं जागेवर होतो आणि तांडाच कुठंतरी निघाला होता.

रस्ता आला. फाळक्यावर थाप पडली. मी ब्रेक दाबला. मुलीचं गाणं संपलं होतं. ती तशीच उभी होती, हात खाली घेतलेले, तांड्याकडे बघत. नवऱ्याकडची माणसं पुढं गाड्यांत बसून वाट बघत होती. भाऊ घाम पुसत माझ्या खिडकीशी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा चेहरा इतक्या जवळ होता. म्हातारा झाला होता.

"उतरव तिले आता," तो म्हणाला.

"तू सांग."

"बाप तू हाय."

"मोठा तू हाय."

"गाडी कोणाची हाय?"

"येऊ दे, येऊ दे कोण म्हणत होतं?"

"माह्यं नाही ऐकत पोरगी."

"माह्यं कवा ऐकलं?"

नवऱ्याकडच्या गाडीनं हॉर्न दिला. आम्ही दोघांनी तिकडे बघितलं नाही. भावानं खिडकीवर कोपर टेकवलं. मी इंजिन बंद केलं.